घर घेणाऱ्याला कराचा पूर्ण हिशेब आधी कळू द्या

मा. महसूलमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई



नोंदणी व मुद्रांक विभाग आपल्या खात्यात येतो, म्हणून हे पत्र आपल्याला. मी पुण्यातल्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे. नवीन घर घेणारे, जुने विकणारे, आईवडिलांचे कागद घेऊन आलेली मुले असे बरेच जण माझ्याकडे फाइल घेऊन येतात. त्या फायलींमध्ये मुद्रांक शुल्काचे एक चलन असते. सर्वसाधारण नोकरदार कुटुंबाने आयुष्यात एकरकमी भरलेला तो सर्वांत मोठा कर असतो. तो कसा काढला, असे विचारले तर बहुतेकांचे उत्तर एकच असते: एजंटाने आकडा सांगितला, आम्ही भरला.

कर नको, असे मला मुळीच म्हणायचे नाही. राज्याच्या स्वतःच्या उत्पन्नात मुद्रांक व नोंदणी शुल्काचा वाटा मोठा आहे. 2024-25 मध्ये तो 50 हजार कोटी रुपयांच्या वर होता. त्यातून रस्ते, शाळा, रुग्णालये चालतात. शिवाय हे शुल्क भरलेला आणि नोंदवलेला दस्त घराच्या मालकीला आधार देतो. पुरेसे मुद्रांक नसलेला दस्त महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, 1958 च्या कलम 34 प्रमाणे न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. तेव्हा कर घ्या. पण पहिला चेक देण्याआधी त्या कुटुंबाला त्याचा पूर्ण हिशेब कळला पाहिजे आणि तो कळवण्याची जबाबदारी कर घेणाऱ्या शासनाची आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

पुण्यातल्या बांधकाम चालू असलेल्या इमारतीतला 60 लाखांचा फ्लॅट घेऊ. बिल्डरच्या जाहिरातीत हाच आकडा असतो. पुणे महापालिका हद्दीत मूळ मुद्रांक शुल्क 5 टक्के, त्यावर महापालिकेचा 1 टक्का अधिभार, ज्याला लोक अजून एलबीटी (स्थानिक संस्था कर) म्हणतात, आणि मेट्रोसाठीचा 1 टक्का अधिभार. एकूण 7 टक्के, म्हणजे 4 लाख 20 हजार. नोंदणी शुल्क किमतीच्या 1 टक्का, पण जास्तीत जास्त 30 हजार. ते धरून 4 लाख 50 हजार झाले. बांधकाम चालू असल्यामुळे वस्तू व सेवा कर 5 टक्के, म्हणजे 3 लाख. 60 लाखांचे घर साडेसदुसष्ट लाखांना पडले. वकील, कागदपत्रे आणि सोसायटीची अनामत अजून यात धरलेलीच नाही.

यातला मुद्रांक आणि नोंदणीचा भाग सर्वांत जड जातो, कारण तो कर्जातून भरता येत नाही. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2012 मध्ये बँकांना सांगितले की कर्ज ठरवताना घराच्या किमतीत मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च धरू नये. 2015 मध्ये यातून सूट मिळाली ती 10 लाखांपर्यंतच्या घरांना. आज पुण्यात किंवा ठाण्यात 10 लाखांत घर मिळत नाही. 30 ते 75 लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँक किमतीच्या 80 टक्क्यांहून जास्त देऊ शकत नाही. म्हणजे 60 लाखांच्या घराला 48 लाख बँकेचे आणि 12 लाख स्वतःचे. या 12 लाखांसाठी कुटुंबाने आधीच मुदत ठेवी मोडलेल्या असतात, भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेतलेली असते, दागिने गहाण ठेवलेले असतात. नेमक्या त्याच वेळी आणखी साडेचार लाख रोख उभे करावे लागतात. ज्यांना हे बुकिंगच्या वेळी माहीत असते ते तयारीने येतात. ज्यांना नोंदणीच्या आठवड्यात कळते ते वैयक्तिक कर्ज काढतात, आणि त्या कर्जाचा व्याजदर गृहकर्जापेक्षा कितीतरी जास्त असतो.

घर कोणते आहे यावरही कर बदलतो. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर वस्तू व सेवा कर लागत नाही, रिसेलच्या घरावरही नाही. 45 लाखांपर्यंतचे आणि मुंबई महानगर प्रदेशात 60 चौरस मीटर, इतरत्र बहुतेक ठिकाणी 90 चौरस मीटर कार्पेटच्या आत बसणारे घर असेल, तर बांधकाम चालू असतानाही हा कर 1 टक्का असतो. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल, तर विकणाऱ्याला द्यायच्या पैशातून 1 टक्का कापून घेणाऱ्याने आयकर खात्यात भरायचा असतो. ती रक्कम वेगळी द्यावी लागत नाही, पण कापायची राहिली तर दंड आणि व्याज घेणाऱ्याच्या माथी येते. हे केंद्राचे कर आहेत, आपल्या खात्याचे नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण घर घेणारा माणूस एकच असतो आणि त्याची नोंदणी आपल्याच कार्यालयात होते. सगळे कर एकत्र दाखवण्याची सोय आपल्याइतकी दुसऱ्या कोणाकडे नाही.

आता रेडी रेकनरबद्दल, म्हणजे शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्याबद्दल, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. मुद्रांक शुल्क ठरलेल्या किमतीवर लागते असा बहुतेकांचा समज असतो. खरे तर ठरलेली किंमत आणि वार्षिक मूल्यदर तक्त्याप्रमाणे निघणारे मूल्य, यातले जे जास्त त्यावर ते लागते. मूल्य काढताना नुसता परिसराचा दर पुरत नाही. लिफ्ट असलेल्या इमारतीत पाचव्या मजल्यापासून दहाव्यापर्यंत दर 5 टक्क्यांनी वाढतो, अकरा ते वीसला 10, एकवीस ते तीसला 15 आणि त्यावर 20 टक्क्यांनी. इमारतीचे वय धरून घसाराही मिळतो. या गणितात एखादी ओळ चुकली तर हजारो रुपयांचा फरक पडतो, पण घेणाऱ्याच्या हातात फक्त शेवटची बेरीज येते.

समजा, एका जुन्या इमारतीतला फ्लॅट 50 लाखांना ठरला. इमारतीला गळती आहे, पार्किंगचा वाद आहे, म्हणून विकणाऱ्याने भाव उतरवला. तक्त्याप्रमाणे मात्र मूल्य 58 लाख निघाले. पुण्यात शुल्क साडेतीन लाखांऐवजी 4 लाख 6 हजार द्यावे लागेल, म्हणजे 56 हजार रुपये जास्त. गोष्ट इथे संपत नाही. ठरलेली किंमत आणि मुद्रांकासाठीचे मूल्य यांत 10 टक्क्यांहून जास्त तफावत असेल, तर आयकर कायद्यात पूर्ण फरक, इथे 8 लाख रुपये, घेणाऱ्याचे उत्पन्न समजले जाते. विकणाऱ्याचा भांडवली नफाही 58 लाखांवरच मोजला जातो. आपल्या विभागाने ठरवलेल्या एका आकड्यातून दोन कुटुंबांवर असे दुहेरी ओझे पडते. हे टाळण्याची वाट कायद्यात आहे. मुद्रांक अधिनियमाच्या कलम 31 प्रमाणे मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अभिनिर्णयासाठी, म्हणजे शुल्क ठरवून घेण्यासाठी, जाता येते आणि आयकरातही मूल्यांकन अधिकाऱ्याकडे प्रकरण पाठवण्याची मागणी करता येते. पण ही वाट आहे हे माझ्याकडे येणाऱ्यांपैकी क्वचितच कोणाला माहीत असते, आणि माहीत असलेलाही नोंदणी अडकेल या भीतीने गप्प बसतो.

रेडी रेकनरचे हे दर दरवर्षी बदलू शकतात. 2023-24 आणि 2024-25 मध्ये शासनाने ते स्थिर ठेवले, त्याबद्दल आभार. 1 एप्रिल 2025 पासून राज्याची सरासरी वाढ 3.89 टक्के झाली, तर सोलापूर महापालिका क्षेत्रात 10.17 टक्के. सोलापूरच्या विडी कामगाराला, यंत्रमाग चालवणाऱ्याला ही वाढ कोणत्या व्यवहारांवरून ठरली, हे त्याच्या भाषेत, त्याच्या प्रभागात कोणी सांगायला नको का?

शुल्काच्या टक्केवारीबद्दलही थोडे बोलते. डिसेंबर 2005 मध्ये सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियानात राज्यांनी मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवर आणावे, अशी एक सुधारणा होती. आपण मूळ दर 5 टक्के ठेवला, पण अधिभार धरून पुणे, ठाणे, नागपूरला तो 7 आणि मुंबईत 6 टक्के होतो. मेट्रोचा अधिभार महामारीच्या काळात दोन वर्षे स्थगित होता आणि 1 एप्रिल 2022 पासून पुन्हा सुरू झाला. मेट्रो हवीच, आणि तिला पैसा लागणार. पण घर घेणाऱ्यांकडून या नावाने किती रक्कम जमली आणि ती कोणत्या मार्गावर खर्च झाली, याचा शहरनिहाय हिशेब दरवर्षी प्रसिद्ध व्हायला हवा. ज्याच्या घरापासून मेट्रोचे स्थानक दहा किलोमीटर लांब आहे, त्याने तो हिशेब मागितला तर ते रास्तच आहे.

याहून गंभीर प्रश्न समानतेचा आहे. 25 लाखांचा एका खोलीचा फ्लॅट घेणारी परिचारिका आणि 25 कोटींचा फ्लॅट घेणारा उद्योजक एकाच दराने मूळ शुल्क देतात. नोंदणी शुल्कात तर गरिबाचा भार जास्त आहे. 30 लाखांच्या घराला 30 हजार, म्हणजे पूर्ण 1 टक्का. 3 कोटींच्या घरालाही तेवढेच 30 हजार, म्हणजे एक दशांश टक्का. शेजारच्या कर्नाटकात बिल्डरकडून पहिल्यांदा घेतलेल्या फ्लॅटसाठी 20 लाखांपर्यंत 2 टक्के, 45 लाखांपर्यंत 3 टक्के आणि त्यावर 5 टक्के अशी रचना केली आहे. तशी रचना करताना एका गोष्टीची काळजी घ्यावी. टप्पा ओलांडला की पूर्ण किमतीला वरचा दर लागू केला, तर 45 लाखांच्या आसपास सगळे व्यवहार कागदावर 45 च्या आतच दिसू लागतील आणि उरलेले रोखीत होतील. इंग्लंडमध्ये डिसेंबर 2014 पर्यंत हीच अडचण होती. नंतर तिथे आयकरासारखा प्रत्येक टप्प्यातल्या रकमेवर त्या टप्प्याचा दर लावण्याची पद्धत आली. आपल्याकडेही तीच योग्य ठरेल.

दर बदलला की लोक किती जलद प्रतिसाद देतात, हे शासनाने स्वतः पाहिले आहे. 1 सप्टेंबर ते 31 डिसेंबर 2020 या काळात शहरांतला दर 5 वरून 2 टक्क्यांवर आणला होता आणि 31 मार्च 2021 पर्यंत 3 टक्के ठेवला होता. डिसेंबरमध्ये नोंदणी कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. शेवटी शुल्क मुदतीत भरून दस्त पुढच्या चार महिन्यांत नोंदवता येईल, हा नियम लोकांना पुन्हा सांगावा लागला. जानेवारी 2021 मध्ये बिल्डरांना बांधकाम अधिमूल्यात निम्मी सवलत देताना ग्राहकांचे मुद्रांक शुल्क त्यांनीच भरावे, अशी अटही शासनाने घातली होती. म्हणजे शुल्काचे ओझे कोणावर आणि किती पडावे, हे ठरवता येते.

स्त्रियांच्या सवलतीबद्दल एक विनंती. 1 एप्रिल 2021 पासून स्त्रीच्या नावाने घर घेतले तर शुल्कात 1 टक्का सवलत मिळते. सुरुवातीला पंधरा वर्षे ते घर पुरुषाला विकता येणार नाही अशी अट होती, ती 2023 मध्ये काढून टाकली, हे फार चांगले झाले. पण ही सवलत घेणारे सगळे स्त्रियाच असतील तरच मिळते. नवराबायको दोघांच्या नावाने घर घेतले की ती पूर्ण जाते. वास्तविक दोघेही कमावणाऱ्या बहुतेक घरांत दोघांचे नाव असते आणि तेच योग्य आहे. 60 लाखांच्या घरावर 60 हजार वाचवण्यासाठी नवऱ्याचे नाव वगळायचे, की सवलत सोडायची, असा पेच त्यांच्यापुढे टाकण्यापेक्षा स्त्रीचा हिस्सा जेवढा, तेवढ्या प्रमाणात सवलत द्यावी. निम्मा हिस्सा असेल तर निम्मी सवलत. यामुळे घरावर बायकोचे नाव लावण्याची सवय वाढेल आणि सवलतीमागचा हेतूही पुरा होईल.

आता परताव्याचा विषय. बिल्डरने मुदतीत ताबा दिला नाही, करार रद्द झाला, तर भरलेले शुल्क परत मागता येते. पण मुदतीचे नियम इतके गुंतागुंतीचे आहेत की माणूस हक्काच्या पैशाला मुकतो. ऑगस्ट 2014 मध्ये नोंदवलेल्या एका कराराचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ताबा लांबला म्हणून करार रद्द झाला. रद्दपत्रावर सह्या झाल्या त्या वेळी परतावा मागायला दोन वर्षांची मुदत होती. त्याची नोंदणी होण्याआधी कायदा बदलला आणि मुदत सहा महिन्यांवर आली. तेवढ्यावरून 27 लाखांहून अधिक रुपयांचा अर्ज नाकारला गेला. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घेणाऱ्याच्या बाजूने निकाल देऊन परतावा द्यायला सांगितले. या लढाईला दहा वर्षे लागली. ज्याला वकील परवडत नाही त्याने काय करावे?

जुन्या दस्तांचेही असेच आहे. 10 डिसेंबर 1985 पासून ताब्यासह झालेल्या साठेखतालाही खरेदीखताएवढे शुल्क लागू झाले, हे त्या काळात घर घेणाऱ्या अनेकांना कोणी सांगितलेच नाही. त्यांनी दहा-वीस रुपयांच्या स्टँपवर करार केले. आता मुले ते घर विकायला जातात, तेव्हा बँक कागद परत करते आणि कमी पडलेल्या शुल्कावर दरमहा 2 टक्क्यांप्रमाणे दंड लागतो. शासनाने डिसेंबर 2023 मध्ये सुरू केलेल्या अभय योजनेने 1980 ते 2020 मधल्या अशा दस्तांना मोठा दिलासा दिला. आमच्या संस्थेतल्या काही वृद्ध सभासदांना तिचा लाभ झाला आणि संस्थेच्या मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे इमारतीची जमीन संस्थेच्या नावावर होण्याचा, रस्ताही मोकळा झाला. पण ती वेळ मुळात आली ती वेळेवर न सांगितल्यामुळे. आज करार करणाऱ्यांच्या बाबतीत तरी तसे होऊ देऊ नका.

आपल्या विभागाने बरेच काम केले आहे, हेही मी मान्य करते. दर संकेतस्थळावर पाहता येतात, शुल्क ऑनलाइन भरता येते, दस्ताचा गोषवारा असलेले इंडेक्स टू घरबसल्या मिळते. यापुढचे पाऊल म्हणून पाच गोष्टी कराव्यात, अशी माझी मागणी आहे.

पहिली: प्रत्येक बुकिंगसोबत मराठीत एक पानी करपत्रक देणे बिल्डरला बंधनकारक करावे. त्यात मूळ शुल्क, प्रत्येक अधिभार, नोंदणी शुल्क, वस्तू व सेवा कर, कापायचा आयकर आणि यातले किती कर्जातून मिळणार नाही, हे वेगवेगळे लिहिलेले असावे. स्थावर संपदा (रेरा) कायद्याप्रमाणे नोंदणीकृत कराराआधी 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ही 10 टक्के रक्कम घेण्याच्या आधीच हे पत्रक हातात पडावे.

दुसरी: दस्ताबरोबर मूल्यांकनाचे पूर्ण गणित छापून मिळावे, म्हणजे परिसराचा दर, मजल्याची वाढ, घसारा आणि क्षेत्रफळ. त्याखाली हरकत कुठे आणि किती दिवसांत घ्यायची, तेही असावे.

तिसरी: रेडी रेकनरचे प्रारूप दर लागू होण्याच्या किमान महिनाभर आधी प्रभागनिहाय, मराठीत लोकांसमोर ठेवावेत.

चौथी: शुल्क टप्प्याटप्प्याने वाढणारे करावे, नोंदणी शुल्काची विषमता दूर करावी आणि स्त्रियांची सवलत हिश्शाच्या प्रमाणात द्यावी.

पाचवी: मेट्रो अधिभाराचा वार्षिक हिशेब जाहीर करावा, आणि परताव्याची मुदत सोपी, एकच आणि करारातच छापलेली असावी.

हे पत्र वाचणाऱ्या आणि घर शोधणाऱ्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे की हे होईपर्यंत थांबू नका. बुकिंगचा चेक देण्याआधी बिल्डरकडे किंवा एजंटाकडे कराचा लेखी तपशील मागा, रेडी रेकनरचे मूल्य स्वतः पाहा, आणि शुल्कासाठीचे पैसे कर्जाबाहेरचे म्हणून आधीच बाजूला काढा. दस्ताची नोंदणी सही झाल्यापासून चार महिन्यांत झाली पाहिजे, हे लक्षात ठेवा.

मंत्रिमहोदय, यातल्या पहिल्या दोन मागण्यांसाठी तिजोरीतला एक रुपयाही कमी होणार नाही. येत्या 1 एप्रिलला नव्या वर्षाचे मूल्यदर लागू होतील, त्याच दिवसापासून करपत्रक आणि मूल्यांकनाचे पूर्ण गणित प्रत्येक घर घेणाऱ्याच्या हातात पडेल, असा आदेश आपण काढावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक संस्था सचिव आणि करदाती नागरिक, पुणे